मुलांना इंटरनेटवर सांभाळून राहायला शिकवायचं म्हणजे नक्की काय शिकवायचं?

२०२५ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईत राज्य पोलिसांचा सायबर जागृतीचा कार्यक्रम झाला, त्यात अक्षय कुमारने आपल्या मुलीचा एक किस्सा सांगितला. बऱ्याच जणांनी तो रीलमध्ये पाहिला असेल. मुलगी ऑनलाइन गेम खेळत होती, समोर कोणीतरी अनोळखी. आधी तिकडून छान खेळलीस, मस्त असे मेसेज आले, मग विचारलं मुलगा की मुलगी, तिने मुलगी असं सांगितलं, आणि त्यानंतर थेट नग्न फोटोची मागणी. तिने गेम बंद केला आणि आईला जाऊन सांगितलं. त्याच भाषणात अक्षय कुमारने सरकारकडे मागणी केली की सातवी ते दहावीच्या मुलांना आठवड्यातून एक सायबरचा तास हवा.

आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीतल्या पालकांच्या ग्रुपवर तो व्हिडिओ फिरला आणि मग नेहमीचं सुरू झालं. कोणता गेम होता, तो डिलीट करा, कोणतं ॲप टाकलं की सगळं ब्लॉक होतं, कोणीतरी लगेच एक लिंकपण टाकली. मी ऐरोलीला आयटीत आहे म्हणून असे प्रश्न फिरून फिरून माझ्याकडे येतात, 'ताई तुम्हीच सांगा ना काय इन्स्टॉल करू'. पण मला विचाराल तर त्या किस्स्यातली कामाची गोष्ट शेवटची आहे, ती म्हणजे पोरगी आईकडे गेली. फोटो मागणारा माणूस काही आपल्याला थांबवता येत नाही, तो उद्या दुसऱ्या नावाने येणार. मुलाने लगेच आपल्याकडे यावं हे मात्र आपल्या हातात आहे, आणि ते आपोआप होत नाही, शिकवावं लागतं.

शिवाय सातवीपर्यंत थांबायला वेळ कुठे आहे, आमच्या बिल्डिंगमधली दुसरी-तिसरीतली पोरं रोब्लॉक्स नावाच्या ऑनलाइन गेमवर असतात. म्हणून हे सगळं साधारण पाच ते बारा वर्षांची मुलं असलेल्या घरांसाठी लिहितेय.

मुलांचं इंटरनेट वेगळंच असतं

आपल्यासाठी इंटरनेट म्हणजे व्हॉट्सॲप, युट्यूब, गुगल, बँकेचं ॲप. आठ वर्षांच्या मुलाला विचारा की तू इंटरनेट वापरतोस का, तो म्हणेल छे, मी फक्त गेम खेळतो. आणि तो खोटं बोलत नसतो, त्याच्या डोक्यात गेम आणि इंटरनेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रोब्लॉक्स, फ्री फायर मॅक्स, बीजीएमआय, यांत खेळता खेळता बोलायची सोय असते, टाइप करून नाहीतर माइक चालू करून. टीममध्ये चौघं असतात, त्यातला एक वर्गातला मित्र, एक त्याचा चुलतभाऊ, आणि उरलेला कोण ते कोणालाच माहीत नसतं.

त्यामुळे 'अनोळखी माणसाशी बोलायचं नाही' हा आपला पिढीजात नियम इथे चालतच नाही. रोज संध्याकाळी ज्याच्याबरोबर खेळलो तो मुलाच्या लेखी अनोळखी राहतच नाही, तो 'माझा फ्रेंड' होतो, भले त्याचं खरं नाव, वय, चेहरा काहीच माहीत नसेना. तुम्ही विचारलंत की अनोळखी कोणाशी बोललास का, तर पोरगं प्रामाणिकपणे नाही म्हणणार.

माणूस ओळखायला शिकवणं अवघडच आहे, मोठ्यांना तरी कुठे जमतं, नाहीतर डिजिटल अरेस्टच्या नावाखाली, म्हणजे खोटे पोलीस व्हिडिओ कॉलवर 'तुम्हाला अटक झालीय' म्हणून घाबरवतात त्यात, चांगली शिकलेली, रिटायर झालेली माणसं आयुष्यभराची पुंजी घालवून बसली नसती. त्यामानाने माणूस काय मागतोय हे ओळखणं सोपं आहे, सात वर्षांच्या मुलालापण जमतं.

ग्रूमिंग म्हणजे काय

हा शब्द बातम्यांमध्ये येतो, एकदा समजून घेऊ. वाईट हेतू असलेला माणूस मुलाशी हळूहळू ओळख वाढवतो, त्याचा विश्वास कमावतो, त्याला घरच्यांपासून थोडं तोडतो आणि मग हवं ते मागतो, या सगळ्या प्रकाराला ग्रूमिंग म्हणतात. अक्षय कुमारच्या किस्स्यात ते फार पटकन झालं, म्हणून तर मुलीला लगेच खटकलं. जिथे ते सावकाश होतं तिथे खटकत नाही, खरी अडचण तीच आहे.

चॅट साधारण असं सरकतं. 'भाई काय खेळतोस यार.' 'कितवीत आहेस?' 'अरे मी पण ठाण्यातच राहतो.' मग एखादी भेट येते, गेममधली एखादी स्किन, म्हणजे खेळाडूचा नवा वेश, नाहीतर डायमंड, म्हणजे गेममध्ये वापरायचे पैसे. भेट मिळाली की मुलाला उपकार झाल्यासारखं वाटतं. मग, 'दुपारी घरी कोण असतं तुझ्या?' मग, 'इथे नको, डिस्कॉर्डवर ये, नाहीतर आईच्या फोनवरून व्हॉट्सॲप कर.' (डिस्कॉर्ड हे गेम खेळणाऱ्यांचं गप्पा मारायचं ॲप.) मग, 'आपलं आपल्यात ठेव हां, आईला सांगितलंस तर ती गेम बंद करेल.' फोटोची गोष्ट यानंतर येते.

यात 'दुपारी घरी कोण असतं' हे वाक्य आपल्याकडे जास्त लागू पडतं. ठाणे काय, नवी मुंबई काय, आई-बाबा दोघं सकाळी लोकलने नाहीतर कंपनीच्या बसने बाहेर, संध्याकाळी साडेसात-आठला घरी, शाळा सुटल्यापासून तोपर्यंत मूल आजीजवळ, पाळणाघरात किंवा थोडं मोठं असेल तर एकटं, आणि हातात फोन, कारण आईला फोन करून 'जेवलास का' विचारायचं असतं. आजी दुपारची पडलेली असते. ही वेळ आपल्याला नीट माहिती आहे, आणि विचारणाऱ्यालासुद्धा तीच काढून घ्यायची असते.

मुलाला ग्रूमिंग वगैरे शब्द सांगायची गरज नाही. एवढंच सांगायचं की कोणी, मग तो कितीही चांगला खेळत असेल, गुपित ठेवायला सांगत असेल, फोटो मागत असेल, दुसऱ्या ॲपवर बोलवत असेल, फुकट काही देत असेल किंवा घरी कोण आहे असं विचारत असेल, तर उत्तर न देता मला येऊन सांगायचं. मोठ्याने पाठ करून घेतलं तरी हरकत नाही, पाढे नाही का पाठ करून घेत आपण.

आपल्या कायद्यातही हे आहे. मुलाला अश्लील कृत्यासाठी ऑनलाइन नात्यात ओढणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ब नुसार गुन्हा आहे, पहिल्यांदा दोषी ठरल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड. म्हणजे भेट झाली नाही, हात लावला नाही, नुसतं चॅटच होतं ना, असं म्हणून सोडून द्यायचं कारण नाही.

पण मूल सांगतच नाही त्याचं काय?

लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे असं मला वाटतं, सेटिंग्ज वगैरे नंतर.

मुलं सांगत नाहीत याचं कारण बहुतेक वेळा अगदी साधं असतं, फोन जाईल. आपणच सांगून ठेवलेलं असतं ना, 'काही उलटसुलट केलंस तर फोन बंद'. मग त्याच्याकडून काही झालं किंवा त्याच्याबाबतीत कोणी काही केलं, दोन्हींत त्याला एकच शिक्षा दिसते. आणि समोरचा माणूस नेमकं हेच त्याला सांगत असतो, आईला कळलं तर तुझाच फोन जाईल. म्हणजे आपली धमकी त्याच्या कामी येते, विचित्र आहे पण असंच आहे.

म्हणून घरात एक करार करायचा, आणि तो मोडायचा नाही. गेममध्ये किंवा फोनवर काहीही विचित्र झालं आणि तू मला येऊन सांगितलंस, तर सांगितल्याबद्दल फोन काढून घेणार नाही आणि ओरडणार नाही. तुझी चूक असली तरी.

आता यावर बाबा लोक हमखास विचारतात की म्हणजे काय, त्याने काहीही करायचं आणि आम्ही गप्प बसायचं? तसं कुठे म्हणतेय मी. रात्री अकरापर्यंत खेळला, अभ्यास केला नाही, त्याची जी काय शिक्षा असेल ती करा, त्यासाठी एक दिवस गेम बंद ठेवा. फक्त सांगायला आला म्हणून शिक्षा नको. हा फरक मुलांना बरोबर कळतो, मोठ्यांना समजावायलाच जास्त वेळ लागतो.

आणि याची प्रॅक्टिस छोट्या गोष्टींवर होते. पोरगी येऊन म्हणाली, 'आई, व्हिडिओच्या मध्येच एक घाण जाहिरात आली', त्या वेळी आपला चेहरा कसा होतो ते ती बघत असते. आपण दचकून फोन हिसकावला, 'काय बघत होतीस तू, दाखव' असं केलं, की तिला कळलं, पुढच्या वेळी नाही सांगायचं. 'बरं झालं सांगितलंस, चल आपण दोघी मिळून ब्लॉक करू' असं म्हणून तिच्याच हाताने तो व्हिडिओ रिपोर्ट करायला लावलं की दोन कामं होतात, तिला बटण कुठे असतं तेही समजतं. दमून घरी आलेलो असताना हे जमत नाही हे खरं आहे. तरी करावं.

माहिती किती सांडते ते बसून बघा

माझा भाचा कोपरखैरणेला असतो, चौथीत आहे. त्याच्या एका गेममधलं नाव म्हणजे त्याचं स्वतःचं नाव, पुढे सेक्टरचा नंबर आणि जन्माचं साल. प्रोफाइलला फोटो शाळेच्या युनिफॉर्ममधला, खिशावरचा बॅज स्पष्ट वाचता येतो. त्याला मी म्हटलं, समज तू डिटेक्टिव्ह आहेस आणि या मुलाला ओळखत नाहीस, याच्याबद्दल काय काय शोधता येईल सांग. पठ्ठ्याने स्वतःच यादी केली, नाव, वय, शाळा, कुठल्या सेक्टरला राहतो, शाळा सकाळची की दुपारची. मग मी त्याच्या लक्षातही न आलेली एक गोष्ट दाखवली, फोटोत मागे सोसायटीचं गेट होतं, त्यावर नाव. नंतर त्याने नाव बदलून कसल्याशा ड्रॅगनचं ठेवलं, फोटोच्या जागी मांजर लावलं, आणि मग मोर्चा वळला त्याच्या आईकडे. 'तुझ्या स्टेटसला तर माझा आयकार्ड गळ्यात घातलेला फोटो आहे, बसचा नंबर पण दिसतोय.'

तर तो एक मुद्दा आहेच. शाळेच्या पहिल्या दिवसाचे, स्पर्धेच्या सर्टिफिकेटचे, वाढदिवसाचे फोटो आपणच टाकतो, कौतुकाने टाकतो. टाकूच नका असं माझं म्हणणं नाही, माझ्या सासूबाई तर माझ्याशी बोलणं बंद करतील. पण आयकार्ड, बॅज, घराचं गेट, गाडीची नंबर प्लेट एवढं कापून टाकायला काही वेळ लागत नाही, आणि 'आम्ही सगळे गावाला चाललो' हे परत आल्यावर टाकलं तरी चालतं.

फोटोबद्दल आणखी एक गोष्ट, जरा अवघड आहे पण सांगायला हवी. आता एआय वापरून साध्या कपड्यांतल्या फोटोपासून घाणेरडा खोटा फोटो बनवता येतो, त्याला डीपफेक म्हणतात. म्हणजे मुलीने काहीही पाठवलेलं नसताना कोणीतरी 'तुझा असा फोटो आहे माझ्याकडे' असं धमकावू शकतं, कधीकधी वर्गातलंच पोर असतं ते. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला हे स्पष्ट सांगून ठेवावं की फोटो खरा असो वा खोटा, तू पाठवलेला असो वा नसो, आधी घरी सांगायचं.

तेरा वर्षांची अट असते ना, मग लहान मुलं तिथे जातातच कशी?

इन्स्टाग्राम, स्नॅपचॅट, व्हॉट्सॲप सगळीकडे किमान वय तेरा लिहिलेलं असतं. हे तेरा काही डॉक्टरांनी ठरवलेलं नाही, ते अमेरिकेतल्या १९९८ च्या एका कायद्यातून आलं. तेरा वर्षांखालच्या मुलांची माहिती गोळा करायची असेल तर आई-वडिलांची परवानगी घ्या, असं तो कायदा सांगतो. परवानगीची कटकट नको म्हणून कंपन्यांनी सरळ तेराच्या खालच्यांना प्रवेश नाही असं लिहून टाकलं आणि तोच आकडा जगभर गेला.

प्रत्यक्षात तपासणी कशी होते तर जन्मतारीख विचारतात. हे आपल्या सोसायटीच्या गेटवरच्या रजिस्टरसारखं आहे, वॉचमन वही पुढे करतो, येणारा नाव आणि फ्लॅट नंबर लिहितो, कोणी ओळखपत्र बघत नाही, काय लिहिलंय ते वाचतही नाही, वही भरली म्हणजे काम झालं. आठ वर्षांचं मूल २००५ साल टाकतं आणि आत. त्यात गंमत अशी की साल मोठं टाकल्यामुळे ॲप त्याला वीस वर्षांचा समजतं आणि वीस वर्षांच्या माणसाच्याच जाहिराती, व्हिडिओ दाखवतं, लहान मुलांसाठी ठेवलेली सगळी बंधनं त्याला लागूच होत नाहीत. आणि बऱ्याचदा ती तारीख टाकून देणारे आपणच असतो, 'दे रे इकडे, पटकन लॉगिन करून देते'. हे नका करू. खरी तारीख टाका, मुलांचं अकाउंट करा. इन्स्टाग्रामवर अठराच्या आतल्यांचं अकाउंट आपोआप प्रायव्हेट राहतं आणि ज्यांना फॉलो करत नाही ते मेसेज करू शकत नाहीत, पण ॲपला वय खरं माहीत असेल तर.

आपल्या देशात २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आलाय, त्यात अठराच्या खालच्या प्रत्येकाला मूल मानलंय, त्याची माहिती घ्यायला पालकांची पडताळलेली संमती लागणार आणि मुलांचा माग काढून त्यांना नेमून जाहिराती दाखवायला मनाई आहे. नियम २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये निघाले, पण कंपन्यांना तयारीला वेळ देऊन टप्प्याटप्प्याने ते लागू होणार आहेत. कायदा चांगला आहे, फक्त त्याच्या भरवशावर आज दुपारी फोन देऊन मोकळं होता येणार नाही.

सेटिंग्ज टाकली की झालं का?

सेटिंग्ज टाकायचीच. पॅरेंटल कंट्रोल म्हणजे पालकांनी लावायचं कुलूप, अँड्रॉइडवर गुगलचं फॅमिली लिंक आहे, आयफोनमध्ये स्क्रीन टाइम आहे, दोन्ही फुकट. त्यातून कोणतं ॲप टाकायचं ते तुमच्या परवानगीने होतं, वेळ ठरवता येते. लहान मुलांना साध्या युट्यूबऐवजी युट्यूब किड्स द्यावं. प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागेल असं करून ठेवा, आणि आपला यूपीआय पिन मुलांसमोर टाकू नका, पोरांची नजर तीक्ष्ण असते. 'फ्री डायमंड', 'फ्री रोबक्स' (रोबक्स म्हणजे रोब्लॉक्समधले पैसे) म्हणून ज्या लिंक येतात त्या सगळ्या पासवर्ड नाहीतर पैसे चोरायला असतात, यात अपवाद शोधायला जाऊ नका.

पण सगळ्यात जास्त उपयोगाचं सेटिंग लोक विसरतात, ते म्हणजे गेमच्या आतलं चॅट. फोनला कितीही कुलपं लावली तरी गेमच्या आत कोण काय बोलतंय ते फॅमिली लिंकला दिसत नाही. म्हणून प्रत्येक गेम उघडून, मुलाला शेजारी बसवून, चॅट आणि व्हॉइस 'फक्त मित्र' किंवा 'बंद' करायचं, आणि मग मित्रांची यादी उघडून एकेका नावावर बोट ठेवून विचारायचं, हा कोण, तू याला प्रत्यक्ष भेटलायस का. न भेटलेली नावं काढायची. रोब्लॉक्सने २०२४ च्या शेवटी तेरा वर्षांखालच्या मुलांचं गेमबाहेरचं मेसेजिंग पालकांच्या परवानगीशिवाय बंद केलं, पण तेव्हा इथेही परत तेच होतं, वय खरं टाकलेलं असेल तर.

कुलपाची मर्यादा मुलांना आपल्याआधी कळते. मैदानावर मित्राच्या फोनवर, क्लासमध्ये दादाच्या फोनवर, आजीच्या फोनवर तर काय, आजीच्या फोनला लॉकच नसतं. तिथे कामाला येतं ते फक्त त्याच्या डोक्यात बसलेलं, आणि आई ओरडणार नाही ही खात्री.

त्यापेक्षा फोनच देऊ नये ना?

पाच-सहा वर्षांपर्यंत जितका लांब ठेवता येईल तितका ठेवा, स्वतःचा फोन तर दहा-बाराच्या आधी नकोच, याबाबतीत मी जुन्या वळणाची आहे. पण २०२० च्या लॉकडाऊननंतर शाळेचा गृहपाठ, क्लासच्या नोट्स सगळं फोनवर आलंय, त्यामुळे अजिबात नाही हे फार दिवस टिकत नाही.

ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळाच्या आतल्या मुलांना सोशल मीडियावर अकाउंटला बंदी केली, फेसबुक, इन्स्टाग्राम, स्नॅपचॅट, टिकटॉक, युट्यूब वगैरे. आपल्याकडेही तसं करा म्हणणारे बरेच आहेत, मी विरोधात नाही. पण त्या बंदीच्या यादीत रोब्लॉक्स नाही, डिस्कॉर्ड नाही, व्हॉट्सॲप नाही. म्हणजे ज्या किस्स्याने ही सगळी चर्चा सुरू झाली, तसला प्रकार त्या बंदीतही होऊ शकतो.

आमचा मुलगा आहे हो, मुलगी नाही

हे मी इतक्यांदा ऐकलंय की वेगळं लिहायला हवं. मुलांनाही हेच होतं, आणि मुलगे कमी सांगतात, लाज वाटते, मित्र हसतील असं वाटतं. थोड्या मोठ्या मुलांच्या बाबतीत एक ठरलेला प्रकार आहे, समोरून मुलीच्या नावाने गोड चॅट, फोटोची देवाणघेवाण, आणि मग 'पैसे दे नाहीतर सगळ्यांना पाठवते', याला सेक्सटॉर्शन म्हणतात. समोर मुलगी नसतेच बहुतेक वेळा. त्यामुळे वर लिहिलेलं सगळं मुलग्यालाही तसंच्या तसं सांगायचं, आणि शक्यतो बाबांनी सांगायचं.

एवढ्या लहानपणी सांगितलं तर नको ते कळेल

पाच वर्षांच्या मुलाला 'गुड टच बॅड टच' आता शाळेतच शिकवतात, त्याने कोणाचं बालपण गेलं नाही. त्यालाच एक ओळ जोडायची, अंगाचे जे भाग कपड्याखाली असतात त्यांचा फोटो कोणी मागायचा नाही, कोणी काढायचा नाही, कोणी दाखवायचा नाही. आठ-नऊला मागण्या ओळखण्याचं सांगायचं. दहा-अकराला डीपफेक, फोटो फॉरवर्ड, ग्रुपमध्ये कोणाला त्रास देणं, हे. एकदा बसवून तासभर लेक्चर दिलंत तर मूल जांभया देतं, त्यापेक्षा रिक्षात, जेवताना, त्याच्याबरोबर बसून त्याचा गेम खेळताना थोडं थोडं. गेम आपल्याला येत नसेल तर उत्तमच, त्याला शिकवू दे, पोरांना आई-बाबांना शिकवायला फार आवडतं आणि शिकवता शिकवता कोण कोण खेळायला असतं ते सगळं सांगून जातात.

ज्याने काहीच होत नाही ती गोष्ट म्हणजे भीतीचे फॉरवर्ड. २०१८-१९ मध्ये मोमो चॅलेंजचा किती गाजावाजा झाला होता आठवतं? मोठ्या डोळ्यांची ती भीतीदायक बाई म्हणजे जपानमधलं एक शिल्प होतं, आणि मुलांना आत्महत्येला लावणारं तसलं चॅलेंज खरंच चालू असल्याचा पुरावा मिळाला नाही. शाळांनी, पालकांनी मात्र ते चित्र पोरापोरापर्यंत पोचवलं.

आणि काही झालंच तर

आधी मुलाला सांगा की तुझी चूक नाही, मग कामाला लागा. समोरच्याला शिव्या घालत बसू नका, पैसे मागत असेल तर एकदाही देऊ नका, दिल्यावर तो परत मागतो. घाबरून चॅट डिलीट करू नका. प्रोफाइलचं नाव, आयडी, लिंक, चॅट यांचे स्क्रीनशॉट घ्या आणि मग ब्लॉक करा. पण मुलाचा अश्लील फोटो किंवा व्हिडिओ असेल तर तो स्वतः कोणाला पाठवू नका, नातेवाइकाला नाही, 'सगळ्यांनी सावध राहा' म्हणून पालकांच्या ग्रुपवर तर अजिबात नाही. असं साहित्य पसरवणं हाच गुन्हा आहे, आणि ते जवळ ठेवणं, बघणं यावरही सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये कडक निकाल दिलाय.

फोटो बाहेर जायची भीती असेल तर टेक इट डाउन नावाची मोफत सोय आहे, अमेरिकेतली बेपत्ता आणि शोषित मुलांसाठी काम करणारी संस्था ती चालवते आणि ती भारतातूनही वापरता येते. तिचं काम असं, फोटो तुमच्याच फोनमध्ये राहतो, त्यापासून आकड्या-अक्षरांची एक ओळख तयार होते, तिला हॅश म्हणतात, आणि फक्त ती ओळख कंपन्यांकडे जाते. मग तोच फोटो फेसबुक, इन्स्टाग्राम, स्नॅपचॅट अशा सहभागी ठिकाणी कोणी टाकला तर तो पकडून काढता येतो. खाजगी चॅटमध्ये फिरणारा फोटो मात्र यातून सापडत नाही.

पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन, जितका लवकर तितकी रक्कम अडवली जायची शक्यता जास्त. बाकी तक्रार राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर होते, महिला आणि मुलांसंबंधी तक्रारीचा तिथे वेगळा विभाग आहे आणि नाव न देताही तक्रार करता येते. मुलांसाठी १०९८ हा सरकारी चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर आहे, मूल स्वतःसुद्धा लावू शकतं. ठाणे आणि नवी मुंबई दोन्ही आयुक्तालयांची स्वतःची सायबर पोलीस ठाणी आहेत, राज्याच्या सायबर विभागाचं मोठं केंद्र तर आपल्या महापेलाच आहे. पण तक्रारीसाठी लांब जायची गरज नाही, जवळच्या कुठल्याही पोलीस ठाण्यात एफआयआर नोंदवता येते, हद्द कोणाची ते नंतर बघतात.

बरेच पालक इथे अडतात, पोरीला पोलीस ठाण्यात बसवायचं, चार लोक बघणार, शाळेत कळणार. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठीचा २०१२ चा कायदा, यात याचा विचार केलेला आहे. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला बरं वाटेल अशा ठिकाणी घ्यायचा, शक्यतो किमान उपनिरीक्षक दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने घ्यायचा, आणि त्या वेळी अधिकाऱ्याने गणवेशात असायचं नाही. मुलाचं नाव, शाळा, फोटो माध्यमांना छापता येत नाही. तुम्ही तक्रार द्यायला गेलात आणि कोणी मुलीला उद्या इकडे घेऊन या म्हणालं, तर कलम २४ चं नाव घ्या आणि घरी या म्हणून सांगा.